थंड कॉफी: बर्फावर गाळायची की रात्रभर भिजवायची?

नवतपात नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की गरम कॉफीचं नावही नको वाटतं. बिनदुधाची थंड कॉफी घरी करायच्या दोन रीती आहेत. एक पोअर-ओव्हर: कागदी फिल्टरमधल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतायचं आणि कॉफी थेट बर्फावर उतरवायची. दुसरी कोल्ड ब्रू: भरड पूड थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायची.

चवीत माझं मत पोअर-ओव्हरला. कॉफीतला आंबटगोडपणा आणि वास गरम पाण्यातच नीट सुटतो, आणि खाली बर्फ असल्याने उडून जायच्या आत बराचसा पेल्यात अडकतो. कोल्ड ब्रू गोलसर, मऊ, कमी आंबट लागते. वास मात्र बेताचाच. चिकमगळूर किंवा अराकूची हलकी भाजलेली अरेबिका आणली असेल तर ती भिजवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गडद भाजणीची, जरा जुनी झालेली पूड खुशाल भिजवा.

खरी मेख बर्फात आहे. 20 ग्रॅम पुडीला एकूण 300 ग्रॅम पाणी धरा: 180 गरम, 120 बर्फ. म्हणजे एकूण पाण्यातला चाळीस टक्के भाग बर्फच. तो बोअरच्या जड पाण्याचा असला, किंवा उघड्या ट्रेत फ्रीजरमधल्या सगळ्या वस्तूंचा वास पिऊन बसलेला असला, तर कॉफी कितीही भारी असो, बिघडलीच. आरओच्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेतला बर्फ घ्या. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण 80 कॅलरी उष्णता ओढतो. त्या हिशेबाने हा 120 ग्रॅम बर्फ जवळजवळ सगळा वितळतो आणि कॉफी गार होते, पण बर्फगार नाही. आपल्याकडच्या दुपारी पेल्यात चार खडे वेगळे लागतातच.

कृती अवघड नाही. पूड नेहमीच्या पोअर-ओव्हरपेक्षा किंचित बारीक दळा, कारण पाणी कमी आहे. कागद गरम पाण्याने धुऊन ते पाणी फेका, मगच खाली बर्फ ठेवा. उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने 40 ग्रॅम पाणी ओता. पूड ताजी असेल तर फुगून बुडबुडे येतात. पाऊण मिनिट थांबून उरलेलं पाणी दोनदा, बारीक धारेने, गोल फिरवत. तीनेक मिनिटांत काम संपतं.

कोल्ड ब्रूला एवढं लक्ष द्यावं लागत नाही, हाच तिचा मोठा गुण. 80 ग्रॅम भरड पूड, 640 ग्रॅम पाणी, चौदा तास. बऱ्याच कृतींत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं असतं. ती खोली आपल्या मे महिन्यातली नव्हे, बरणी फ्रीजमध्येच ठेवा. पूड बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे अर्क साधारण 480 ग्रॅमच हाती येतो. त्यात तेवढंच पाणी घातलं तर तीनशेचे तीन पेले, वर थोडी. पेल्यामागे पूड 25 ग्रॅम पडते, म्हणजे पोअर-ओव्हरपेक्षा जास्तच. शिवाय पन्हं, ताक आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या फ्रीजमध्ये या बरणीला जागा कुठे करणार, हे आधी घरच्यांना विचारा.

एकटे-दुकटे पिणारे, सकाळी दहा मिनिटं हाताशी असलेले: पोअर-ओव्हर. दुपारी उन्हातून चारजण घरी येणार आणि गॅसजवळ कोणी उभं राहणार नाही: कोल्ड ब्रू, चार-पाच दिवस पुरेल इतकी. दूध घालणारच असाल तरी कोल्ड ब्रूच. बर्फावरची पोअर-ओव्हर दुधात पाणचट लागते. दूध-साखर-चिकोरीवाल्यांनी स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन, म्हणजे दाट अर्क, गार करावं, बाकी भानगडीत पडू नये. चिकोरीची पूड कागदी फिल्टर तुंबवते.

खर्च करायचाच तर आधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. कागदी फिल्टर ज्यात बसतो तो शंकू प्लास्टिकचा चालतो, तो चिनी मातीच्या शंकूपेक्षा पाण्याची उष्णता कमी खातो आणि स्वस्तही पडतो. बारीक तोटीची किटली नंतर.