वरून दाबून दाखवलेल्या ट्रायपॉडवर विसंबू नका

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम वर्षातून एकदाच बघायला मिळतं. ते नीट टिपायचं म्हणून आठवडाभर आधी साडेसहा हजारांचा ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड घेतला. त्या रात्रीचा एकही फोटो कामाचा निघाला नाही. सोलापुरात आणखी कुणी असं फसू नये म्हणून लिहितोय.

दुकानदार म्हणाला, "मालक, प्युअर कार्बन फायबर आहे. आठ किलो आरामात पेलतो." पायांवर काळी विणीची नक्षी होती. त्याने ट्रायपॉड उभा केला, वर दोन्ही तळहात टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला. तो तसूभरही हलला नाही. माझी खात्री पटली. पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के वर पडतील म्हणाला, तेव्हा रोख पैसे देऊन निघालो.

यात्रेच्या होम मैदानावर वारं होतं. शटर चार सेकंद उघडं, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. ट्रायपॉडची मधली दांडी पूर्ण खाली, बटण दाबल्याचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. तरी वर जाणाऱ्या बाणाची रेघ नागमोडी आणि खांबावरचा दिवा दुहेरी. वजन म्हणून मधल्या दांडीखालच्या हुकाला बॅग अडकवली, तर ती वाऱ्यावर झुलून आणखी हादरे देऊ लागली. बॅग जमिनीला टेकेल इतकी खाली घेतली, तरीही फरक पडला नाही.

घरी येऊन पायाची खालची नळी फिरवून काढली. आतून चकचकीत ॲल्युमिनियम! लॉकच्या कडेला नखाने खरवडलं, तर नक्षी स्टिकरसारखी सुटून आली. ॲल्युमिनियम मुळात वाईट नाही, जाड नळ्यांचा ट्रायपॉड भक्कम उभा राहतो. इथे तिन्ही पाय जुळतात तो जोडच प्लॅस्टिकचा होता. वरून दाबलं की भार पायांतून सरळ जमिनीत जातो, म्हणून दुकानात तो पक्का वाटला. वारा मात्र आडवा लागतो, आणि तिथे तो जोड पिळवटतो.

म्हणून दुकानात वरची प्लेट धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. आपला कॅमेरा आणि सर्वांत लांब लेन्स सोबत न्या, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि पायाला टिचकी मारा. चित्र बराच वेळ डुलत राहिलं तर घेऊ नका. हेड, म्हणजे कॅमेरा धरणारा वरचा भाग, घट्ट केल्यावर लेन्स हळूहळू खाली झुकते का, तेही बघा.

परत द्यायला गेलो तर त्याने बिल मागितलं. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण तो ट्रायपॉड त्याच दुकानातून घेतला, हे दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही, यूपीआयची नोंदसुद्धा नाही. तुम्ही बिल घ्याच, आणि त्यावर 'कार्बन फायबर' हे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्या.