नावाला पत्त्याऐवजी शोध जोडला: नऊ महिन्यांनंतर

शाळेतल्या मुलांसाठी मी कास पठारावरच्या फुलांचं एक वेबपान केलंय. फुलाच्या नावावर टिचकी मारली की त्याची माहिती देणारी दुसरी साइट उघडायची. दोन वर्षांत त्यातल्या निम्म्या लिंक मेल्या. एका साइटने सगळी मांडणीच बदलली आणि मुलांना नुसतं ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडत नाही’, दिसायला लागलं. शेवटी जूनमध्ये पक्के पत्ते काढून टाकले आणि प्रत्येक नावाला गूगलच्या शोधाची लिंक दिली.

तेव्हापासून एकही लिंक तुटलेली नाही. कारवीच्या बाबतीत तर फायदाच झाला. ती सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे जुन्या लिंकवर कायम तेच फोटो असायचे. आता कुठे बहर आला की ताजे फोटो आपोआप वर येतात.

खरा त्रास दिला तो ‘तुतारी’ने. कासवर या नावाचं पांढरं, लांब नळीचं सुंदर फूल येतं. पण २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह झालं. मुलांनी फूल बघायला टिचकी मारली, तर समोर प्रचारसभा! मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझीच होती. एकटा मराठी शब्द शोधाला पुरत नाही. आता प्रत्येक लिंकमध्ये मराठी नावाऐवजी रोमन लिपीतलं शास्त्रीय नाव घालते. निकाल लगेच सुधारले. शिवाय लिंकही आटोपशीर झाली, कारण देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं. तीन अक्षरं आणि त्यांचे उकार, काना, वेलांटी वेगळे धरून नुसत्या ‘तुतारी’च्याच ५४ होतात.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. मी घरी तपासलेला निकाल मुलाच्या मोबाइलवर तसाच दिसेल याची खात्री नाही. ठिकाण, भाषा, दिवस बदलला की क्रम बदलतो, आणि वरच्या ओळीत कधी जाहिरातही बसते. मूल काय वाचणार हे मी ठरवत नाही, ही जबाबदारी मला हलकी वाटत नाही.

म्हणून फुलांच्या नावांना शोध ठेवलाय, पण जिथे एखादं विधान कुणाच्या आधारावर केलंय तिथे पक्का पत्ताच देते, आणि जोडीला वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) जतन केलेली त्या पानाची प्रत. कास ज्यात मोडतं तो पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, या वाक्याला युनेस्कोचंच पान हवं. पुढच्या पावसाळ्याआधी सगळी नावं पुन्हा एकदा मुलांच्याच मोबाइलवर उघडून बघणार आहे.