चोवीस पाहुण्यांचं बेकन: तवा, एअर फ्रायर की ओव्हन?

माणशी बेकनच्या ३ पट्ट्या धरल्या तर २४ जणांना ७२ लागतात. अमेरिकेत मिळणाऱ्या एक पौंडाच्या पाकिटात साध्या जाडीच्या १६ ते २० पट्ट्या निघतात, म्हणजे ४-५ पाकिटं आणावी लागतील. जाड कापाचं घेतलं तर पौंडात जेमतेम १०-१४.

बारा इंची तव्यावर एका वेळी ६ पट्ट्या मावतात आणि एका घाण्याला ८-१० मिनिटं जातात. असे १२ घाणे, म्हणजे पावणेदोन तास शेगडीपुढे उभं राहायचं, शिवाय भिंतीवर तुपट शिंतोडे. चव मात्र तव्याचीच खमंग; चौघांच्या न्याहारीला तवाच बरा. एअर फ्रायरही तेवढ्याच माणसांचा. त्यात चरबी खाली गळते, तिच्यावरून गरम वारा फिरतो आणि तिसऱ्या घाण्यापर्यंत स्वयंपाकघर धुरकट होतं.

ओव्हनमध्ये १८ बाय १३ इंचाच्या, चारी बाजूंनी काठ असलेल्या ट्रेवर १२ पट्ट्या शेजारी शेजारी बसतात. दोन ट्रे एकदम, असे तीन घाणे: तासाभरात काम आटोपतं, आणि तेवढ्या वेळात अंडी-पोहे हाताशी घेता येतात. बिनकाठाची कुकी शीट अजिबात नको. चरबी ओघळून तापलेल्या कॉइलवर पडली की पेट घेते. पातळ पत्र्याचा ट्रे तापल्यावर ‘टण्’ करून वाकतो, तेव्हाही तेच होतं.

खरा निर्णय ट्रेवर काय घालायचं याचा. जाळी घातली की चरबी खाली गळून पट्टी कोरडी होते. ऐकायला छान, पण पट्टी जिथे तारेला टेकते तिथे चिकटते, बाकीची असमान भाजली जाते, आणि जाळी घासायला मेहनत पडते ती वेगळीच. बेकिंग पेपरवर पट्टी स्वतःच्याच चरबीत तळली जाते, त्यामुळे रंग सारखा येतो. फॉइल चालते, पण थोडी चिकटते. भारतात दुकानात ‘बटर पेपर’ मागितला तर पाकिटावर ओव्हनचं तापमान लिहिलंय का ते पाहा. मेणाचा कागद आत धुमसतो.

तापमान २०० अंश सेल्सिअस (४०० फॅरनहाइट), पंखा चालू असेल तर १५-२० अंश कमी. साधी पट्टी १५-२० मिनिटांत, जाड २०-२५ मिनिटांत. निम्म्या वेळेला ट्रेंची वर-खाली अदलाबदल करा आणि पुढची बाजू मागे फिरवा, नाहीतर खालचा ट्रे फिका राहतो. मेपल किंवा साखर लावलेलं बेकन शेवटच्या तीन मिनिटांत काळं पडतं. ते वेगळ्या ट्रेवर आणि डोळ्यासमोर. थंड ओव्हनमध्ये ठेवून सुरुवात केली तर पट्ट्या कमी आकसतात हे खरं, पण तो फायदा पहिल्याच घाण्याला. तीन घाण्यांना एकच वेळ लागू पडायचा असेल तर ओव्हन आधी तापवलेला बरा.

पट्टी अजून किंचित लवचिक असतानाच काढा. टिपकागदावर दोन मिनिटांत कडक होते. ओव्हनमध्येच कुरकुरीत झालेली ताटात येईपर्यंत भुगा होते. प्रत्येक घाण्यानंतर चरबी स्टीलच्या वाडग्यात ओता, सिंकमध्ये नाही: पाइपात ती थिजून बसते.

पार्टी सकाळची असेल तर आदल्या रात्री १२ मिनिटं भाजून, गार करून, थरांमध्ये कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. सकाळी २०० अंशांवर ५-६ मिनिटं पुरतात. वाढेपर्यंत गरम ठेवायला मात्र जाळी कामाची: ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवलेलं बेकन अर्धा तास मऊ पडत नाही.

घरी ३०-४० लिटरचा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर हिशेब बदलतो. ट्रेवर ६-८ पट्ट्या, वरची कॉइल अगदी जवळ, त्यामुळे ट्रे मधल्या खणात किंवा त्याखाली ठेवा. काही बेकनमध्ये पाणी टोचलेलं असतं. पांढरा फेस दिसला की ५ मिनिटं जास्त धरा. इथे २४ जणांसाठी आदल्या रात्रीची तयारी केल्याशिवाय गत्यंतर नाही, किंवा सरळ दोन तव्यांवर दोघांनी उभं राहायचं.