जुळवलेल्या पीसीवर मॅकओएस की लिनक्स?

कॅबिनेट तेच, रॅम तीच. त्यावर मॅकओएस (ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम) चढवलं की तो हॅकिन्टॉश. लिनक्स चढवलं तर नुसता पीसी. खरा फरक परवान्यात आहे.

ॲपलचा परवाना म्हणतो, ही सिस्टिम ॲपलचा शिक्का असलेल्या संगणकावरच चालवायची. ‘सिस्टिमची डीव्हीडी पैसे मोजून घेतली, म्हणजे ती आमची’ हा युक्तिवाद फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने करून पाहिला. 2008 पासून ती मॅकओएस चढवलेले असे हॅकिन्टॉश विकायची आणि सोबत विकत घेतलेली डीव्हीडीही द्यायची. पण संगणकात चढवलेली प्रत त्या डीव्हीडीतली नसायचीच! मॅक मिनी या ॲपलच्या छोट्या संगणकावरून एक प्रत घ्यायची, तिच्यात फेरफार करायचे आणि तीच सगळीकडे छापायची. 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरवलं. 2011 मध्ये अपिलातही निकाल टिकला. गंमत म्हणजे या सिस्टिमच्या पोटात ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ नावाची फाइलच असते. दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ लिहावं तशी.

हा खटला विक्रेत्यावर होता. घरच्या घरी एक हॅकिन्टॉश केला तरी परवान्याचा भंग होतोच. कुणी दार ठोठावत नाही, इतकंच.

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जीपीएल हा खुला परवाना लागू. कुठल्याही यंत्रावर चालवा, वाटा, विकासुद्धा. प्रती वाटल्या तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, द्यायचा.

मी लिनक्सच घेईन. शिवाय हॅकिन्टॉश चालतो तो इंटेल चिपच्या मॅकसाठीच्या मॅकओएसवर, आणि टाहो ही त्या मॅकसाठीची शेवटची आवृत्ती, असं ॲपलने 2025 मध्ये सांगूनही टाकलंय.