चेटूकवाले, पण येशूच्या बाजूचे: बेनान्दान्ती कॅम्पेन काही महिने खेळवल्यानंतर

आमच्या टेबलटॉप रोलप्ले ग्रुपला (टेबलाभोवती बसून डाइस टाकत आपापली कॅरेक्टर्स वठवायचा खेळ) मी गेले कितीतरी महिने बेनान्दान्तींवरचं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच सेशन्सभर चालणारी एक सलग गोष्ट, खेळवतेय. घ्यावं का हे सेटिंग, असं दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून लिहिते. याचं तयार रुलबुक नाहीये बरं का, सेटिंग सरळ इतिहासातून उचललंय आणि डाइसचे नियम एकदम साधे ठेवलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली नावाचा भाग, तेव्हा व्हेनिसच्या राज्यात, काळ सोळावं-सतरावं शतक. तिथे जे मूल गर्भपिशवीचा पापुद्रा डोक्यावर घेऊन जन्मायचं ते पुढे बेनान्दान्ती होणार असं मानायचे, तो पापुद्रा जपून ठेवायचा, गळ्यात बांधायचा. मोठं झालं की रात्री बोलावणं यायचं. मग वर्षातून चार वेळा, चर्चचे उपासाचे जे चार हंगामी आठवडे असतात त्यातल्या गुरुवारी रात्री, शरीर अंथरुणात ठेवून आत्मा बाहेर पडायचा आणि शेतात जाऊन चेटक्यांशी लढायचा. यांच्या हातात बडीशेपेचे दांडे, त्यांच्या हातात ज्वारीची धाटं. हे जिंकले तर पीक चांगलं, हरले तर दुष्काळ. आणि आपण हे सगळं येशूसाठी करतोय, समोरचे सैतानासाठी, यावर यांचा ठाम विश्वास.

आता अनुभव. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे गेमला लागणारे नियम आयतेच मिळतात. लढाई वर्षातून चारदाच, त्यामुळे मधले तीन महिने गाव, शेती, आजारपण, शेजारी यांच्यात जातात. आत्मा बाहेर असताना शरीर कुणी उलटं केलं तर परत शिरता येत नाही, त्यामुळे घरात बायको-नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न दर वेळी उभा राहतोच. आणि गुपित फोडलं तर चेटके येऊन बडवणार. या तीन गोष्टींवर आमची निम्मी सेशन्स निघाली, मला वेगळा प्लॉट फारसा रचावाच लागला नाही.

लढाया मात्र लवकर कंटाळवाण्या होतात. एका बाजूला बडीशेप, एका बाजूला ज्वारी, पहिल्यांदा सगळे हसतात, दुसऱ्यांदा रंगून खेळतात, त्यानंतर डाइस टाकणं उरतं. मी आता लढाई एका रोलमध्ये उरकते आणि जास्त वेळ त्यानंतरच्या प्रसंगाला देते, कारण परत येताना तहान लागलेले चेटके तळघरात शिरून पिंपातली वाईन नासवतात अशीही समजूत होती, आणि दुसऱ्या दिवशी गावात वाईन कुणाची बिघडली यावरून जी भांडणं जुंपतात त्याला तोड नाही.

पण या सेटिंगचा खरा व्हिलन चेटके नाहीतच, तो आहे इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या कोर्टाचा, न्यायाधीश, आणि हे मी पहिल्याच सेशनला सांगते. कागदोपत्री प्रकरण सुरू होतं १५७५ मध्ये, पाओलो गास्पारुत्तो नावाच्या बेनान्दान्तीबद्दलच्या कुजबुजीवरून. १५८० मध्ये पुन्हा चौकशी लागली, त्यात फ्रिउलीतल्याच चिविदाले गावचा दवंडीवाला बात्तिस्ता मोदूको, हाही बेनान्दान्तीच, तोही आला. गास्पारुत्तोने सांगितलं की मला देवदूत बोलावतो. झालं, न्यायाधीशाने तेच धरलं आणि विचारत विचारत त्याला तिथवर नेलं की शेवटी तो म्हणाला, सैतानच देवदूताचं रूप घेऊन आला असेल. १५८१ ला शिक्षा झाली, सहा महिने कैद, तीही लगेच माफ. म्हणजे शिक्षा किरकोळच, पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास मात्र गेला. मी हा चौकशीचा सीन मारहाण न दाखवता नुसत्या प्रश्नांवर खेळवला, आमचा एक प्लेअर, जो एरवी फक्त तलवारबाजीसाठी येतो, तो अर्धा तास आपल्या कॅरेक्टरचं म्हणणं मांडत बसला आणि शेवटी गप्प झाला.

बायकांची कॅरेक्टर्स वेगळी ठेवा. नोंदींमध्ये स्त्रिया लढण्यापेक्षा मेलेल्यांच्या मिरवणुका पाहणाऱ्या म्हणून जास्त येतात, १५८२ ची आन्ना ला रोस्सा तशीच, मृतांचे निरोप घरच्यांना सांगणारी. लढाईपेक्षा हे जास्त चालतं, लोक निरोप ऐकायला येतात, पैसे देतात, मग कुणीतरी तक्रार करतं.

एक अडचण सांगते. प्लेअर्सना 'गुप्त संघटना' म्हटलं की मुख्यालय, गुरू, पायऱ्या, सांकेतिक खुणा हवं असतं. इथे तसं काही नाही, एक कप्तान असतो, झेंडा असतो, ढोल वाजतो, बाकी दिवसा हे साधे शेतकरी, गुराखी. ज्यांना मठातल्या मंत्रवाल्या जोगिणी आणि पोपचं छुपं पथक असला मसाला हवाय त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं, इथे चर्चला ही माणसं आपली वाटतच नाहीत, यांनाच चर्च आपलं वाटतं.

फ्रिउलीचा कंटाळा आला तर लिव्होनियात (आजच्या लात्विया-एस्टोनियाच्या भागात) जा. १६९२ मध्ये तिथे थिस नावाच्या ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याने कोर्टात सांगितलं की आम्ही लांडगे होऊन नरकात जातो, चेटक्यांनी पळवलेलं धान्य परत आणतो, आम्ही देवाचे कुत्रे आहोत. पाद्रीने किती समजावलं तरी तो बधला नाही, फटक्यांची शिक्षा झाली. गास्पारुत्तोनंतर लगेच थिस खेळवला की ग्रुपमध्ये वाद पेटतो, आमच्यात अजून चालूय.

आम्ही आता कॅम्पेन १६४० च्या दशकात नेलंय, जिथे बेनान्दान्ती स्वतःच सैतानाच्या मेळाव्याला गेल्याच्या कबुल्या द्यायला लागतात. एका प्लेअरने कबुली द्यायला साफ नकार दिलाय, पुढचं सेशन त्याच्यावरच आहे. रेटिंग पाचपैकी चार, एक मार्क लढायांचा कापला.