‘नाइस’ या शब्दावर पारखलेला एक व्युत्पत्तिकोश

व्युत्पत्तिकोशाची, म्हणजे शब्दांची मुळे सांगणाऱ्या कोशाची, पारख करायची तर त्यात अवघड शब्द न शोधता बोलून बोलून गुळगुळीत झालेला शब्द शोधावा, कारण अशा शब्दालाही काही पूर्वायुष्य असेल हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते. डग्लस हार्पर यांनी उभारलेल्या ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ या विनामूल्य कोशासाठी मी ‘नाइस’ हा शब्द घेतला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ ‘मूर्ख, अजाण’ असा होता, हे नोंद आरंभीच सांगते. लॅटिनमधील ‘ने’ म्हणजे ‘न’ आणि ‘स्कीरे’ म्हणजे ‘जाणणे’ यांपासून झालेला ‘नेस्कियुस’ जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला, आणि पुढे भित्रा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर अशी वळणे घेत १७६९ मध्ये ‘सुखद’ या अर्थी नोंदला गेला. ‘प्रेमळ’ हा अर्थ तर १८३० चा आहे. त्यांपैकी ‘काटेकोर’ हा अर्थ अजून पुरता मेलेला नाही. सूक्ष्म भेदाला इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात आणि तो भेद ‘छान’ असल्याचे समजणारा वाचक फसतो.

या कोशाची खरी गोडी त्यातील दुव्यांत आहे. ‘स्कीरे’वरून ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ या शब्दांकडे जाता येते, म्हणजे ज्या धातूपासून विज्ञानाचे नाव आले त्याचाच नकार ‘नाइस’मध्ये दडलेला आहे. त्याही मागे ‘कापणे, वेगळे करणे’ या अर्थाचा आद्य भारोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी आदी भाषांच्या समान पूर्वज भाषेतला, धातू दिलेला आहे, आणि संस्कृत ‘छिद्’, म्हणून आपला ‘छेद’ही, त्याच कुळातला आहे हे ध्यानात आल्यावर मी काही वेळ मूळ शब्द विसरूनच गेलो.

उणीव आहे ती पुराव्याची. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि जो १९२८ मध्ये पूर्ण झाला, प्रत्येक अर्थाखाली जुन्या लेखनातील उतारे कालक्रमाने देतो. येथे बहुतेक ठिकाणी केवळ सन मिळतो. तो सनही शब्दाच्या जन्माचा नव्हे, तर उपलब्ध लेखनातील सर्वांत जुन्या आढळाचा असतो. ‘मूर्ख’ हा अर्थ नेमक्या कोणत्या वाक्यांतून ‘चोखंदळ’कडे सरकला, हे पाहू इच्छिणाऱ्याला ऑक्सफर्डच्या कोशाची वर्गणी भरण्यावाचून गत्यंतर नाही. निव्वळ कुतूहल असलेल्याला मात्र हा कोश पुरून उरेल. त्याने ‘नाइस’ वाचून होताच ‘सिली’ उघडावा: तो शब्द उलट दिशेने, ‘धन्य, सुखी’ या अर्थापासून ‘खुळा’ या अर्थापर्यंत घसरत आलेला आहे.