रोटरी की डिजिटल? क्लबसाठी मिक्सर निवडताना

क्लबसाठी मिक्सर, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळायचं डीजेचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की दोन तट पडतात. एकीकडे गोल नॉब फिरवून आवाज कमी-जास्त करायचे ॲनालॉग रोटरी, बोझॅक आणि 1982 च्या युरेई 1620 या जुन्या मिक्सरांच्या वंशातले. दुसरीकडे पायोनियर डीजेएम-900एनएक्सएस2 सारखे फेडरवाले (वर-खाली सरकवायच्या दांड्यांचे) डिजिटल.

जुन्या पद्धतीच्या रोटरीत सिग्नलचा रस्ता आखूड. इफेक्ट नाहीत, फार तर मास्टरला, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजाला, बास, मधला आणि वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारा तीन पट्ट्यांचा आयसोलेटर. मोठ्या नॉबमुळे दोन गाणी मिनिटभर एकमेकांत मुरवता येतात. हाउस किंवा डिस्को वाजवणाऱ्याला हे मनापासून आवडतं. झटपट कट मारणाऱ्याचे हात मात्र बांधले जातात.

डिजिटल मिक्सरचा आवाज ‘थंड’ असतो असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. 900एनएक्सएस2 मध्ये सॅम्पलिंग (आवाजाची आकड्यांत मोजणी) 96 किलोहर्ट्झवर आणि आतली आकडेमोड 64 बिटमध्ये होते. भरल्या डान्स फ्लोअरवर जाणवावं असं त्यात काही हरवत नाही. गडबड होते ती जोडणीत. प्लेअरची ॲनालॉग वायर लावली तर सिग्नल डिजिटलमधून ॲनालॉग, पुन्हा डिजिटल, पुन्हा ॲनालॉग असे फेरे मारतो. कोअक्सियल डिजिटल वायर लावली की त्यातले दोन फेरे वाचतात.

दोघांतला फरक ठळक कळतो तो गेन, म्हणजे मिक्सरमधली सिग्नलची पातळी, चढल्यावर. चांगल्या ॲनालॉगमध्ये मीटरच्या लाल दिव्यानंतरही थोडी मोकळीक असते. ती संपली की तोही फाटतो. डिजिटलच्या आउटपुटला मात्र ठाम छत आहे. त्यावर गेलेल्या लहरीचे शेंडे छाटले जातात आणि हाय-हॅट (ड्रममधल्या झांजा), गायकाच्या आवाजातले ‘स’ कानाला टोचू लागतात. फाटलेला आवाज पुढचा ॲम्प मोठा करतो, दुरुस्त करत नाही. म्हणून मिक्सर कोणताही असो, चॅनेल हिरव्या-पिवळ्यात ठेवा आणि आवाज ॲम्पवर वाढवा. 128 केबीपीएसची, म्हणजे दाबून फार लहान केलेली, एमपी3 वाजवायची असेल तर रोटरीचा आग्रह व्यर्थ आहे.

पैसे मोजके असतील तर मी मिक्सरवर सगळे घालणार नाही. 50 हर्ट्झच्या बासची एक लहर सुमारे 7 मीटर लांब असते. सब (बासचा स्पीकर) चुकीच्या कोपऱ्यात असला तर भिंतींवरून परतलेल्या अशा लांब लहरी एकमेकींत मिसळून फ्लोअरच्या एका टोकाला बास दणदणतो आणि मधोमध नाहीसा होतो. हा दोष कुठलाच मिक्सर झाकू शकत नाही. आधी स्पीकर आणि त्यांची मांडणी.

रोज नवे डीजे येणार असतील तर डिजिटलच घ्या. त्यांचा त्यावर हात बसलेला असतो, शिकवत बसावं लागत नाही. ठरलेले दोन-तीन डीजे, लांब सेट आणि विनाइल (तबकड्या) असेल तर रोटरी, आणि त्यात फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) कसा आहे हे ऐकूनच. मग टर्नटेबल सबपासून दूर, जड पायावर ठेवा; नाहीतर बासची थरथर सुईतून परत मिक्सरमध्ये शिरते आणि सगळं घुमायला लागतं.